शशीच्या पुंगळ्या

तनूने डबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, आणि झाकणावरचं अक्षर मी लगेच ओळखलं. शशीचं. ‘५० नग, सहा वेळा उडवलेल्या.’ आत रायफलीच्या काडतुसांच्या पन्नास रिकाम्या पितळी पुंगळ्या होत्या.

“रघूकाका, माझा रायफल नवीन आहे. बाबांचे केसेस त्यात जातच नाहीत,” ती म्हणाली. “बोल्ट क्लोज होत नाही. रिसाइझ करायला लागेल. मेमध्ये मॅच आहे, बाबा दर वर्षी जायचे ती. मला त्यांच्याच ब्रासने शूट करायचं आहे. जस्ट वन्स.”

तिचा बाप शशिधर म्हणजे माझा कॉव्हेंट्रीतला तीस वर्षांचा मित्र. तो कारखान्याच्या टूलरूममध्ये, मी लायब्ररीत. रायफल क्लबमध्ये त्यानेच मला ओढून नेलं होतं. पुढे डोळे अधू झाले आणि मी नेमबाजी सोडली, पण रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरून वापरण्यासाठीचा शेडमधला प्रेस तसाच होता. आदल्या ऑक्टोबरात शशी गेला. त्याच्या रायफलीची नळी झिजलेली होती, डीलरने ती मोडीत काढली.

गोळी झाडली की पुंगळीचं पितळ फुगतं, नळीच्या मागच्या पोकळीच्या, म्हणजे चेंबरच्या, भिंतींना टेकतं आणि तोच आकार धरून बसतं. म्हणजे शशीच्या रायफलीचा ठसा आता फक्त या पन्नास पुंगळ्यांवर उरला होता. हे तेव्हा माझ्या नीट लक्षात आलं होतं का, आठवत नाही. आलं असावं.

दुसऱ्या रायफलीत घालायची तर पुंगळी पोलादी साच्यात दाबून मूळ मापावर आणावी लागते. कमी दाबली तर नळी मागून बंद करणारा बोल्ट लागत नाही. जास्त दाबली तर तिचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, मागे जातो, आणि पुढच्या वेळी गोळी झाडताना पितळ ताणलं जाऊन बुडाशी तुटतं. माझ्याकडे यावर तीन पुस्तकं आहेत. तिन्हींत एकच सांगितलंय : जिच्यात वापरायची त्या रायफलीतून उडवलेली एक पुंगळी आधी मागून घ्या आणि साचा त्या मापाला लावा. मी ते शनिवारी वाचलं, रविवारी पुन्हा वाचलं.

“मग मागा ना,” माझी बायको सुलक्षणा म्हणाली. “एक फोन करायला काय जातं तुमचं?”

“ती ऑफिसात असेल.”

“रविवारी?”

“बेसिंगस्टोकहून एवढ्यासाठी परत यायचं तिने?”

“पोस्ट नावाची एक गोष्ट आहे या देशात. लग्न ठरल्यावर तुम्ही मलाही पत्र टाकलं नव्हतंत म्हणा.”

मी दोनदा फोनपाशी जाऊन आलो. तिला वाटेल, काकांना हे येत नाही. शशी मला ‘पुस्तकी नेमबाज’ म्हणायचा, सगळ्यांसमोर, हसत. शेवटी मी साचा पार खालपर्यंत फिरवला. सर्वांत लहान माप, कुठल्याही रायफलीत बसेल. यात धोका नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

मंगळवारी सकाळी शेडमध्ये बसलो. पुंगळीला लॅनोलिनचं वंगण चोळायचं, प्रेसमध्ये धरायची, दांडा खाली ओढायचा. पितळ आधी अडून राहतं, मग एकदम सोडून देतं. एक तशीच बाजूला ठेवावी असं मध्येच वाटलं होतं. पण तिने पन्नास मोजून दिल्या होत्या, एक कमी का, ते सांगावं लागलं असतं. मी पन्नासही केल्या.

एप्रिल संपता संपता तनू आली. डबा तिने टेबलावर न ठेवता मांडीवर धरला होता.

“प्रॅक्टिसला अकरा ठीक गेले,” ती म्हणाली. “बारावा तुटला. मागचा अर्धा बाहेर आला, पुढचा आतच राहिला.”

“तुला लागलं नाही ना?”

“नाही नाही. मग क्लबवाल्यांनी बाकीचे चेक केले. उडवलेल्या सगळ्यांत आतून रिंग आली आहे, तुटायच्या आधी येते ती. खांदा फार मागे गेला, म्हणाले. आता एकही वापरू नको म्हणाले. कोणी केले विचारलं. मी नाव नाही सांगितलं.”

मी झाकणावरचं शशीचं अक्षर वाचत राहिलो.

“इट्स फाइन, काका. जुने होते. मॅचला नवीन घेईन.” मग खाली बघत तिने विचारलं, “तुमच्याकडे त्यांचा अजून एखादा राहिला आहे का पण? न केलेला? बाबांच्या रायफलचा शेप असलेला. वापरायला नाही, ठेवायला.”

नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी “बघतो” म्हणालो आणि शेडमध्ये गेलो. खणात तंबाखूचा एक जुना डबा होता, त्यात माझ्याच रायफलीच्या काही पुंगळ्या. कंपनी तीच, आम्ही दोघं खोकी वाटून घ्यायचो. त्यातली एक पुसून आणली.

तनूने ती हातात घेतली, खांद्यावरून अंगठा फिरवला. “हा बाबांचा,” ती म्हणाली. सुलक्षणाने माझ्याकडे पाहिलं आणि ती गॅसकडे वळली.

याला तीन वर्षं होतील. ती पुंगळी तनूच्या ऑफिसात टेबलावर उभी असते, कीबोर्डशेजारी. दिवाळीला येते तेव्हा ती आवर्जून सांगते. त्या पुंगळीवरचा आकार माझ्या रायफलीचा आहे.

फोन करून सांगायला हवं. नंबर पाठ आहे. आज रविवार आहे, ती घरीच असेल.