टोकापलीकडची पिल्लं

मित्रांनो, या अडगळीच्या खोलीत कुणी दिवा लावला, की त्याला आधी वाटतं, भिंतीवर एखाद्या बाईचा फाटका झगा टांगलाय. तसं वाटणं साहजिक आहे. पण मी आहे जाळी. समुद्राचं पाणी गाळणारी एक जुनी जाळी. तोंडाशी लोखंडी कडं, खाली निमुळतं होत गेलेलं नायलॉनचं कापड आणि शेपटाशी बरणी अडकवायची जागा, एवढाच माझा संसार. माझी भोकं इतकी बारीक, की उजेडाकडे धरल्याशिवाय दिसत नाहीत. मासे पकडायला माझा काडीचा उपयोग नाही. पण जे कुणाच्याच जाळ्यात सापडत नव्हतं, ते मला सापडलं.

माझा जन्म एका घरातल्या शिलाई मशीनवर झाला. शिंपल्यांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना सगळे मॅडम म्हणत. तयार जाळी येईना, म्हणून त्यांनी नुसतं कापड मागवलं आणि ते सासूबाईंपुढे ठेवलं. सोबत कागदावर काढलेली आकृती.

सासूबाईंनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "अगं, हा झगा घालायचा कोणाला? वर घेर आणि खाली पायाचा अंगठासुद्धा जायचा नाही!"

"समुद्राला घालायचाय," मॅडम म्हणाल्या.

"मग त्याचं माप घेऊन ये आधी," म्हणत सासूबाई हसल्या, चष्मा पुसला आणि मशीनवर बसल्या. बारीक टाके घालत त्यांनी मला दुहेरी शिवलं. सुनेच्या शिक्षणातलं त्यांना फारसं कळत नसे, पण सुनेनं काही मागितलं की त्या नाही म्हणत नसत.

आता ज्यांच्यासाठी माझा हा सगळा खटाटोप झाला, त्या कालवांबद्दल सांगते. कालव हा खडकाला चिकटून राहणारा शिंपला. एकदा चिकटला की जन्मभर जागचा हलत नाही. पण त्याची पिल्लं मात्र जन्मतात ती पाण्यात, वाळूच्या कणाहूनही लहान. दोन-तीन आठवडे ती प्रवाहाबरोबर वाहतात. मग जुन्या कालवांचा खडक सापडला, की तिथे बूड टेकतात, ते कायमचं.

आमच्या खाडीतल्या लोकांचं पोट या कालवांवर होतं. बायका ओहोटीला छिन्नी-हातोडी घेऊन खडकांवर जात, पुरुष होडीतून टोपल्या वाहून नेत. पुढे कालवं कमी होऊ लागली. लोक शहाणे होते. त्यांनी आपणहून ठरवलं, काही वर्षं खडकाला हात लावायचा नाही. चुली थंडावल्या, कुणी गवंडीकामाला गेलं, कुणी बर्फाच्या कारखान्यात, पण शब्द कुणी मोडला नाही. तरीही खडक रिकामेच. जुनी कालवं म्हातारी होऊन मरत होती आणि नवं एक पिल्लू बसत नव्हतं.

"टोकापलीकडचेच चोरतायत," लोक म्हणू लागले.

खाडीच्या तोंडाशी जमिनीचा एक सुळका समुद्रात शिरला होता, त्याला म्हणायचे टोक. त्याच्यापलीकडे दुसरी वस्ती. दोन्ही वस्त्यांचं एका खडकावरून फाटलेलं. ज्या होडीवर माझी नोकरी लागली, तिचे मालक त्या भांडणात सर्वांत पुढे होते. त्यांना अख्खी खाडी मामा म्हणे. त्यांची सख्खी थोरली बहीण टोकापलीकडे दिलेली. मामांनी मेव्हण्याची होडी भर समुद्रात अडवली, तेव्हापासून भावाबहिणीचं बोलणं बंद. मेव्हणा वारला तेव्हाही मामा टोकापर्यंत गेले आणि तिथून मागे फिरले.

मॅडम मला होडीमागे सोडायच्या. कडं पाण्यात शिरलं, की समुद्र माझ्या अंगातून वाहू लागे. गार, खारट, जड. आत काय काय येई! मग मला वर ओढून मॅडम बाहेरून पाण्याचा फवारा मारत, म्हणजे माझ्या अंगाला चिकटलेलं सगळं खाली बरणीत उतरे. घरी आल्यावर गोड्या पाण्याची आंघोळ आणि सावलीत वाळवण. असे लाड फार थोड्या जाळ्यांच्या नशिबी येतात.

प्रत्येक जिवाच्या अंगात त्याच्या आईबापांची खूण असते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण प्रयोगशाळेत वाचता येते. म्हणून मॅडम आमच्या खडकांवरच्या कालवांचा नखाएवढा तुकडा घेत आणि बरणीतल्या पिल्लांशी ताडून पाहत. टोकापलीकडच्या कालवांचे तुकडेही हवे होते. मामा त्यांना तिथवर नेत, पण होडी लांबच उभी करत. मॅडम गुडघाभर पाण्यातून किनाऱ्यावर जात आणि मामा वस्तीकडे पाठ करून बसत. मी शेजारीच पडलेली असे. वस्तीतून बायकांचा आवाज आला, की त्यांचा बिडी ओढणारा हात मध्येच थांबे.

सगळं ताडून झालं, तेव्हा मॅडमनी खाडीतल्या लोकांना शेडमध्ये बोलावलं. टेबलावर मलाही मांडून ठेवलं होतं.

"चोरी कुणी केलेली नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या खडकावर बसणारी जवळजवळ सगळी पिल्लं टोकापलीकडे जन्मलेली असतात. प्रवाह त्यांना वळसा घालून इकडे आणतो. तिकडे आता थोरली कालवं काढली जातायत. मोठ्या कालवाला मागणी आहे ना! पण अंडी सर्वांत जास्त तीच घालतात."

एकदम गलका झाला.

"आमच्या खडकावर वाढलं ते आमचं!"

"वाढलं तुमच्याकडे. जन्मलं तिकडे," मॅडम म्हणाल्या.

"मग आमची पिल्लं जातात कुठे?"

"पुढे. कुठल्या किनाऱ्याला, ते मलाही अजून ठाऊक नाही."

"घ्या! आम्ही आपल्या घराला कुलूप लावून बसलो आणि पाळणा हलत होता दुसऱ्याच्या घरी," एक म्हातारी म्हणाली. कुणी हसलं, कुणी चिडून उठून गेलं. एरवी तावातावानं बोलणारे मामा त्या दिवशी दारातून टोकाकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मॅडमना म्हणाले, "चला." टोक ओलांडल्यावर त्यांनी होडी लांब उभी केली नाही. सरळ वाळूवर चढवली. काय करतोय ते न कळून मला खांद्यावर टाकलं आणि चालू लागले.

त्यांची बहीण कालवं फोडत बसली होती, सोबत आठ-दहा बायका. तिला सगळे ताई म्हणत आणि त्या वस्तीत तिचा शब्द चाले. सावली पडली तशी ती मान वर न करता म्हणाली, "कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"धाकट्या."

सुरी थांबली. "खडक मागायला आलास?"

"नाही." मामांनी वाटेत बरंच काही जुळवलं असणार. ते सगळं कुठल्या कुठे गेलं. "ताई, तुमची पिल्लं आमच्याकडे येतात," एवढंच ते बोलले.

"कसली पिल्लं? कोंबडीची?" एक बाई म्हणाली आणि सगळ्याजणी खो खो हसल्या.

मग मॅडमनी समजावून सांगितलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि भावाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"त्या कणाएवढ्या जिवांना टोक ओलांडून तुझ्या दारात यायला वाट सापडते," त्या म्हणाल्या, "आणि तू एवढा धिप्पाड गडी. तुला रे कशी सापडली नाही?"

मामांनी तोंड पुसायला खांद्यावरचं फडकं म्हणून मलाच ओढलं. समुद्राइतकंच खारट पाणी होतं ते.

ताई लगेच मात्र कबूल झाल्या नाहीत. "मला आधी ती पिल्लं बघू दे," म्हणाल्या. प्रयोगशाळेत आल्या, सूक्ष्मदर्शकावर आधी चुकीचाच डोळा मिटला, मग नीट पाहिलं आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"भिरभिरतायत गं," त्या हळूच म्हणाल्या. "आता यांना सोडणार ना?"

मॅडमनी हातातली स्पिरिटची बाटली खाली ठेवली. मित्रांनो, खरं सांगते, तोवर माझ्यात आलेलं एकही पिल्लू परत पाण्यात गेलं नव्हतं. अभ्यासासाठी ती सगळी स्पिरिटमध्ये जात. त्या दिवशी मात्र मॅडम बशी दोन्ही हातांत धरून धक्क्यावर गेल्या आणि ताईंनी ती स्वतः समुद्रात ओतली.

मग ठरलं. टोकापलीकडच्या बाहेरच्या खडकांवरची थोरली कालवं कुणी काढायची नाहीत. त्याबदली तिकडच्या बायकांनी आमच्या खडकांवर, आमच्या बायकांच्या बरोबरीनं कालवं काढायला यायचं. बोलायला सोपं होतं. पहिल्या वर्षी खडकावर काहीच दिसलं नाही. "मॅडमनी गंडवलं," असं लोक तोंडावर म्हणाले. एकीनं दुसरीची टोपली पाण्यात भिरकावली. ताई आणि मामा दोघं मध्ये पडून पडून थकले.

त्याच्या पुढच्या हंगामात मामा ओहोटीला खडकावर उतरले. हात टेकला आणि ओरडले, "कापलं! अरे, कापलं रे!" आम्हाला वाटलं, मोठी जखम झाली. पाहतो तर मामा रक्ताळलेला तळवा वर धरून लहान पोरासारखे नाचतायत. नव्या कालवाची कड पात्यासारखी धारदार असते. सगळा खडक नखाएवढ्या कालवांनी खरखरीत झाला होता.

ते दिवस आठवले, की अजून माझ्या धाग्याधाग्यातून पाणी वाहिल्यासारखं वाटतं. दोन्ही वस्त्यांच्या बायका एकाच होडीत बसून एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढायच्या, आणि मी मागे पाण्यात पोट फुगवून चालायची. लोक पाहुण्यांना मला दाखवत, "हिनं शोधून काढलं बरं का!" शोधलं मॅडमनी. पण मला तेव्हा फार बरं वाटे.

मग माझी वीण विरली. एकदा खडकाला घासून मोठी चीर गेली. तोवर पाणी ओढणारं यंत्र आलं होतं. ते न थकता काम करतं. सासूबाई गेल्या, मामा गेले, मॅडम निवृत्त झाल्या. मी इथे खिळ्यावर आले. कुणी माझ्यात जुनी वर्तमानपत्रं कोंबली, कुणी तुटक्या बाटल्या. गोड्या पाण्याची आंघोळ तर किती वर्षांत नाही, आणि कड्याला गंज चढलाय.

या आठवड्यात खोली रिकामी करायला माणसं आली आहेत. एकानं मला बोटानं हलवून पाहिलं आणि म्हणाला, "धक्का जवळच आहे, देऊ फेकून पाण्यात."

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. मला जाळा, पुरा, कापून पायपुसणं करा, मी तक्रार करणार नाही. पण समुद्रात टाकू नका. मी नायलॉनची आहे, मला कुजता येत नाही. मी तिथे झिजत राहीन, माझे तुकडे होतील, तुकड्यांचे कण होतील. आणि ते कण शेवटी त्या पिल्लांएवढेच होतील, त्यांच्याच बरोबर वाहतील. टोक ओलांडून येणाऱ्या त्या आंधळ्या, भुकेल्या जिवांना खाऊ कुठला आणि मी कुठली, हे कसं कळायचं?