गाळ्यातली माती

कोर्टात साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिल्यावर नाथाजीने मुजीबकडे बघायचे टाळले. विट्यात नाथाजीच्या गाळ्यात मुजीब दागिन्यांची डागडुजी आणि पॉलिश करायचा. भाडे थकवले म्हणून गाळा खाली करून मागणारा दावा नाथाजीच्या नावाने होता, पण तो चालवत होता त्याचा मुलगा शिवतेज. शिवतेजचे तमिळनाडूत सेलमला असलेले, सोने गाळायचे गलाईचे दुकान बुडायला आले होते, आणि रिकामा गाळा घ्यायला गिऱ्हाईक तयार होते.

थकबाकी मात्र खरी नव्हती. नाथाजीचे आयुष्य सोने गाळण्यात गेलेले. त्याने मुजीबकडे रोख भाडे कधी मागितलेच नव्हते. कानस मारताना सोन्याचा कीस खाली पडायचा. तो धुळीसकट झाडून मुजीब पोत्यात भरी आणि दिवाळीला पोते नाथाजीच्या घरी देऊन, चहा पिऊनच जाई. नाथाजी ती माती जाळून, धुऊन सोने काढी. कमी निघाले तरी बोलायचे नाही, जास्त निघाले तरी परत द्यायचे नाही. असल्या व्यवहाराची पावती कोण करतो?

नोटीस आली तेव्हा मुजीब धावत आला होता. त्याचा वकील म्हणत होता, मुदतीत कोर्टात पैसे भर, गाळा वाचेल.

"कशाला भरतूस? माती दिलीस की मला," नाथाजीच म्हणाला होता. "पोराला मी सांगतो."

त्याने सांगितलेही. शिवतेजने ऐकून घेतले. "मग मी काय करू, आबा? दुकानाला कुलूप लावू?" एवढेच विचारले. नाथाजीच्या शब्दावर मुजीबने पैसे भरले नाहीत आणि मुदत निघून गेली.

"भाड्यापोटी तुम्ही दुकानातली माती घेत होता, हे खरं आहे का?" मुजीबच्या वकिलाने विचारले.

शिवतेज बाकावर मान खाली घालून बसला होता.

"न्हाई," नाथाजी म्हणाला.

"एकदाही नाही?"

"कवाच न्हाई."

निकाल मुजीबच्या विरोधात गेला. कोर्टाच्या आवारात तो बापलेकांपाशी आला. नाथाजी शिव्या खायच्या तयारीने उभा राहिला.

"आबा, गाळा सोडताना फरशी उचलून फटींतनं खाली गेलेली माती नेतो," मुजीब म्हणाला.

शिवतेज उसळला. "इतक्या वर्षांची माती हाय ती. त्यात किती निघंल, कळतंय का तुला?"

"कळतंय की. म्हणून तर आजवर हात लावला न्हाई. आबांची समजत हुतो. आता त्यांनीच शपथंवर सांगितलं, आपला मातीशी संबंध न्हाई. तुमची असंल तर चला माघारी, साहेबास्नी तसं सांगा."

शिवतेजने बापाकडे पाहिले.

"नेऊ दे," नाथाजी म्हणाला.

दोन दिवस गाळ्यात पहार चालली. नाथाजी शेजारच्या आपल्या घरात घाव ऐकत पडून राहिला. पोती टेम्पोत चढल्यावर मुजीब किल्ली द्यायला आला. ती त्याने शिवतेजच्या हातात ठेवली.

"च्या घे रं," नाथाजी आतून म्हणाला.

"तुमच्यात च्या मी कवा प्यालोय, आबा?" मुजीब म्हणाला आणि पायऱ्या उतरला.