कलुबाचा डावा डोळा

रोज सकाळी तोंड धुतलं की कलुबा उजव्या डोळ्यावर तळवा धरायचा आणि फळीवरच्या मक्याच्या पिठाच्या पिशवीवरची अक्षरं वाचायचा. महिन्यापूर्वी सगळी दिसायची. मग कडेची दोन गेली. आज पिशवीच्या जागी नुसता पांढरा ढग होता.

"कधीपासून चाललंय हे?" मागून बायकोचा, मुतालेचा आवाज आला.

तो दचकला. "कुठे काय?"

"चोलाचे बाबा, मला बनवू नका. काल चहा कपाबाहेर ओतलात."

"शनिवार होऊ दे. सोमवारी डॉक्टरकडे जातो, शप्पथ."

चौदा वर्षं तो किटवे शहराच्या फुटबॉल संघात बचाव सांभाळत होता. उंच चेंडू आला की लोक निर्धास्त व्हायचे, कारण तिथे कलुबाचं डोकं असायचं. पण वयाची बत्तीस वर्षं उलटली तरी देशाच्या संघानं कधी बोलावलं नव्हतं. या शनिवारी निवड करणारे राजधानीहून, लुसाकाहून येणार होते. डॉक्टरनं खेळू नका म्हटलं तर?

सामन्यात सत्तर मिनिटं तो निभावून गेला. मग उजवीकडून चेंडू उंच आला, थेट उन्हातून. कलुबाला दोन चेंडू दिसले.

"माझा!" तो ओरडला.

गोलकीपर हाचिले पुढे निघाला होता. तो शब्द कानावर पडताच जागीच थबकला. नऊ वर्षांची सवय होती ती. कलुबानं उडी मारली, पण कपाळाला लागली ती हवा. मागच्या प्रतिस्पर्धी खेळाडूनं चेंडू अलगद जाळ्यात ढकलला.

सामना संपल्यावर कोच म्विला हाचिलेवर तुटून पडले. "पाय चिकटले होते काय रे तुझे? बाहेर का नाही आलास?"

हाचिलेनं कलुबाकडे पाहिलं. कलुबा बुटाची नाडी सोडत राहिला.

"चुकलं, सर," हाचिले म्हणाला.

सोमवारी कलुबा डॉक्टरकडे गेला नाही, कारण सकाळीच देशाच्या संघाची यादी आली. यादीत त्याचं नाव होतं. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. "म्हातारबुवा, जमलं एकदाचं तुमचं लग्न!" त्याच दुपारी कळलं, किटवेच्या पुढच्या सामन्यातून हाचिलेला वगळलंय.

मंगळवारी त्याला जेवण गेलं नाही. बुधवारी सराव थांबवून तो सगळ्यांसमोर म्हणाला, "सर, शनिवारी मी 'माझा' म्हणून ओरडलो होतो. चेंडू मला नीट दिसलाच नव्हता. डावा डोळा गेलाय माझा."

म्विलांनी त्याचा उजवा डोळा झाकला आणि बोटं वर केली. "किती?"

"बोटं राहू द्या, सर. हातच दिसत नाहीये."

म्विलांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि लुसाकाला फोन लावायला गेले.

डोळ्याचा पडदा सुटला होता. "महिनाभर आधी यायला हवं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाली तेव्हा त्या डोळ्याला खिडकी कुठे आहे तेवढं कळायचं, बाकी काही नाही. खेळ संपला होता.

दुसऱ्या दिवशी हाचिले दवाखान्यात आला. त्याची जागा त्याला परत मिळाली होती. आता तो गळ्यात पडेल, निदान 'शाब्बास' म्हणेल, असं कलुबाला वाटलं.

हाचिले खुर्ची ओढून बसला. "सगळ्यांसमोर बोललास ते बरं केलंस. पण मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू सरांना सांगशील म्हणून भ्यालो."

"सांगितलंच असतं. महिनाभर मी तुझ्या आवाजाच्या भरवशावर उभा होतो, कलुबा. माझं डोकं फुटलं असतं एखाद्या दिवशी."

एवढं बोलूनही हाचिले उठला नाही. मुतालेनं डबा उघडला, दोघांपुढे एकच ताट ठेवलं, आणि ते एकत्र जेवले.