पदरानं पुसलेली लस

मरणाला फसवायची विद्या साऱ्या शिरपूर तालुक्यात आपल्याइतकी कुणाला येत नाही, असं भिकुबाईला वाटायचं. दोन नातू पाळण्यातच गेले, तेव्हा तिसऱ्याचं नाक टोचून तिनं त्याला नथ्थू नाव दिलं. मरण आलंच, तर पोरगी समजून परत जावं! सगळ्यांत थोरल्या नातीचं नाव दगडी. तेही मरणाला नकोसं वाटावं म्हणूनच ठेवलेलं, पण पुढे पुढे भिकुबाई तिला खरोखरच दगड समजू लागली.

बावीस सालच्या थंडीत देवी टोचणारा डॉक्टर चावडीत येऊन बसला. सून तानुबाई पोटुशी, म्हणून नातवंडांना भिकुबाईच घेऊन गेली. तिच्या तोंडावरचे वण पाहून डॉक्टर म्हणाला, "आजी, तुम्हाला लहानपणी देवी आल्या होत्या. नंतर कधी आल्या?"

"नही."

"एकदा ओळखलेल्या रोगाला अंग पुन्हा आत घेत नाही. ही लस म्हणजे तेवढी ओळखच, जिवावर न बेतणारी. मात्र वाळेपर्यंत हात लावू नका."

भिकुबाईनं मान डोलावली. मान डोलावण्यात तिचा हात कुणी धरला नसता. चावडीमागं वळल्याबरोबर तिनं नथ्थूला मांडीवर घेतलं आणि पदर ओला करून त्याचा दंड खसाखसा पुसला. देवीला असं सुरीनं ओरखडून कुणी पोराच्या अंगात घालतं का? माय कोपली म्हणजे? दगडीनंही भाबडेपणानं आपला दंड पुढं केला.

"तुले काय व्हई व?" भिकुबाई म्हणाली. "तू ते दगडी शे."

दगडीचा दंड सुजला, दोन दिवस ताप आला, फोडावर खपली धरली. नथ्थू मात्र हुंदडत होता. आठवड्यानं डॉक्टर तपासायला परत आला, तेव्हा म्हातारीनं नथ्थूला घरातल्या कपाशीच्या ढिगात लपवलं आणि पोरगा मामाकडे गेल्याचं सांगितलं. आपण पोर वाचवलं, या आनंदात तिनं त्या दिवशी गुळाचा सांजा केला.

चैत्रात तानुबाई बाळंतपणाला माहेरी गेली आणि इकडे गावात देवी आल्या. पहिल्या चार घरांत नथ्थूचं घर होतं.

पोराच्या अंगावर तीळ ठेवायला जागा उरली नाही. दाराला निंब बांधला, फोडणी बंद केली, मायची हजार वेळा माफी मागितली. माहेरी बाळंत झालेल्या तानुबाईला ओल्या अंगानं येऊ नको म्हणून निरोप धाडला. शेजारचे दगडीला आपल्याकडे न्यायला आले, तर ती जाईना. भावाच्या उशाशी बसून निंबाच्या डहाळीनं वारा घालायची, तिथंच झोपायची. भिकुबाई रोज सकाळी तिचं कपाळ चाचपायची. कपाळ थंडच असायचं. तेव्हा म्हातारीला सगळं कळलं. कळून करते काय?

नथ्थू जगला. पण दोन्ही डोळ्यांत फुलं पडली. एके दिवशी भर दुपारी तो म्हणाला, "आजी, दिवा लाव ना." त्यानंतर पोर भिकुबाईचा पदर सोडत नव्हतं, तोच पदर.

तानुबाई तान्ह्या पुनाला घेऊन परतली. लेकाचे डोळे पाहून ती दारातच बसली, रडलीही नाही. पलीकडच्या पाड्यावर अजून देवी होत्याच. डॉक्टर पुन्हा आला, पण कुणी दार उघडेना. "हिलालना पोऱ्याले टोचं व्हतं, तरी डोया गयात," असं जो तो म्हणत होता. हिलाल, म्हणजे नथ्थूचा बाप, काठी घेऊन ओट्यावर उभा राहिला. तानुबाईनं पुनाला छातीशी आवळलं.

"नथ्थूले टोचं व्हतं ना? मग देवी कशी उनी? मन्हा पुनाले कोणी हात लावानं काम नही!"

डॉक्टरनं पेटी उचलली. भिकुबाईच्या मांडीवर नथ्थू होता. बोलावं, तर हे पोर, हे घर, सगळं हातचं जाणार. न बोलावं, तर पुना. तिनं नथ्थूला आणखीच घट्ट धरलं. डॉक्टर ओटा उतरला. तशी ती ओरडली, "थांबा!" तिनं नथ्थूची बाही वर सारली, दगडीला ओढून तिचा दंड शेजारी धरला. तिच्या दंडावर टोचल्याचा मोठा वण, त्याच्या दंडावर नुसते देवीचे खड्डे.

"टोचं व्हतं. मीच पुशी टाकं व माय. मीच."

हिलालची काठी खाली आली. मारायला नव्हे, गळूनच पडली. तानुबाईनं एकदा दोन्ही दंडांकडे पाहिलं. मग ती उठली आणि पुनाचा दंड तिनं डॉक्टरपुढं धरला.

टोचून झालं. पुना टाहो फोडत होता. सवयीनं भिकुबाईचे हात पुढं गेले, तशी तानुबाई मागं सरली. तिनं बाळ दगडीच्या मांडीवर उन्हात ठेवलं, नथ्थूला सासूच्या मांडीवरून उचललं आणि म्हणाली, "दगडी, पुनाना हात संभाळ. आजीले जवळ येऊ देऊ नको."

"आजी, कोठे गयी तू?" नथ्थू हवेत हात फिरवत होता.

भिकुबाई अर्धवट उठली. दगडीनं बाळावर ओणवं होऊन आपला वणाचा दंड आडवा धरला.

"आजी," ती म्हणाली, "तू तठेच बस."

भिकुबाई बसली.