तळहातावरचा दाणा

पुन्हा घरंगळला... सोललेला गुलाबी शेंगदाणा, उजव्या तळहाताच्या काठाशी क्षणभर थबकला आणि सतरंजीवर पडला. दिपमालानं डोळे मिटून घेतले. आठ आठवडे झाले; मनगटात प्लेट आहे, स्क्रू आहेत, टाके कधीच निघाले, मूठ वळते, तान्ह्या रूपाच्या अंगावर पांघरूणही घालता येतं — पण हात काही उताणा होत नाही. रोज थोडा थोडा फिरवा, व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या होत्या, आत्ता फिरला तर फिरला. आणि घरी आल्या आल्या सासूबाईंनी, शेवंताबाईंनी, डब्यातून हा दाणा काढला होता. तो टिकेल त्या दिवशी हात आपला.

"दुखस का वं?"

"थोडं. ठेवा ना, आई."

शेवंताबाईंनी दाणा उचलला. डाव्या हातानं.

डावा हात... लग्नानंतरचा पहिलाच महिना, जळगावचं हेच घर, सत्यनारायणाचा प्रसाद तिनं पुढं केला आणि त्यांनी तो डाव्या हातात घेतला — सगळ्या बायकांसमोर! — आणि तिनं धुळ्याला, माहेरी फोन लावून रडत सांगितलं, मी पसंत नाही त्यांना. तेवढं एक कुसळ चार वर्षं जपलं मी. चहाचा कप डावीकडून पुढं आला की टोचायचं... आणि मग गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत घालून उतरताना पाय घसरला, आणि दवाखान्यात नवरा, किरण, विचारत होता, नुसत्या प्लास्टरनं नाही का भागणार, तेव्हा शेवंताबाई पुढं झाल्या आणि कायम पदराखाली असलेला उजवा हात त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला — मनगटाशी वाकलेला.

"हाऊ देखा, डॉक्टरसाहेब. मनी सूनना असा नको व्हवाले."

डॉक्टरांनी तो उताणा करून पाहिला. झाला नाही. कधीतरी वेचणीच्या दिवसांत बांधावरून पडलेल्या. मनगटाला बांबूच्या कामट्या बांधल्या, आठव्या दिवशी पुन्हा कापसात. किरणला, पोटच्या पोरालाही, ठाऊक नव्हतं.

तिनं कोपर बरगडीशी दाबलं, हात हळूहळू फिरवला... आत काहीतरी ताणलं, ताणलं, मग सैलावलं. दाणा हलला. राहिला.

"ऱ्हायना वं माय!" शेवंताबाई एवढ्यानं ओरडल्या की पाळण्यात रूपा चुळबुळली. मग आवाज उतरवून, "मन्या वाकड्या भाकरी आते पुरे. आते तू थाप."

दिपमाला हसली. प्रसादाचं सांगावं का? त्यांना आठवत तरी असेल का — की तेव्हाच माझं तोंड पाहून त्यांना कळलं होतं, आणि तरीही टेबलावर तो हात...

तिनं दाणा तसाच पुढं धरला.

शेवंताबाईंनी तो घेतला. डाव्या हातानंच, आणि तिला वाटलं, उजवा पुढं आला असता तर आपल्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं असतं.