ओढणाऱ्याला कोणी बोलणार नाही

मी दोरी. लाल, नायलॉनची, बाटल्यांच्या लाइनवर या टोकापासून त्या टोकापर्यंत डोक्याच्या वर ताणून बांधलेली. तुम्ही आत आलात तर आधी मशीन बघाल, बाटल्या बघाल, माझ्याकडे कशाला कोण बघतंय? पण आज ऐकूनच घ्या. मनात फार साठलंय, आणि ज्याच्यापाशी बोलावं असा एक होता, त्यानेच केसाने गळा कापला.

हा खोकल्याच्या औषधाचा कारखाना. काचेच्या छोट्या बाटल्या पट्ट्यावरून सरकत येतात. आधी धुतल्या जातात, मग वरून नळ्या खाली येऊन त्यांत औषध भरतात, मग झाकण, मग तपासणी, मग लेबल, मग खोकं. माझं एक टोक खांबाला बांधलंय, दुसरं एका स्विचला. मला ओढलं की स्विच पडतो, घंटा वाजते आणि पट्टा जागच्या जागी थांबतो. एवढंच माझं काम. हे औषध लहान मुलं पितात, तेव्हा ते काम लहान नाही.

मला इथे आणलं दादाने. बाटल्या धुण्यापासून सुरुवात करून तो नुकताच या लाइनचा प्रमुख झाला होता. त्याच्याआधी पट्टा थांबवायचा हक्क फक्त प्रमुखाला असायचा आणि बटण प्रमुखाच्या केबिनमध्ये. एकदा एक नळी वाकडी झाली, बाटल्यांच्या तोंडांवर आपटायला लागली, काच उडू लागली. दादा तेव्हा साधा कामगार. प्रमुखाला शोधत तो कारखानाभर धावला. प्रमुख सापडेपर्यंत दोन खोकी भरून झाली होती, आणि वरून बोलणी बसली ती दादालाच. ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

म्हणून प्रमुख झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात तो स्वतः दुकानात आला. मला दोन्ही हातांनी इतकं खेचून पाहिलं की दुकानदार म्हणाला, "अहो, हत्ती बांधायचाय का?"

"हत्तीच आहे," दादा म्हणाला. "थांबायचं नावच घेत नाही."

स्विच वायरमनने बसवला, पण मला बांधलं दादाने. शिडीवर चढून, गाठ दोनदा मारून. खाली सगळे गोळा झाले होते. तो शिडीवरूनच बोलला, "ही दोरी कोणा एकाची नाही. ज्याला खटकेल त्याने ओढायची. मला विचारायचं नाही, कोणाला विचारायचं नाही. घंटा वाजली की मी धावत येईन. ओढणाऱ्याला कोणी बोलणार नाही. मी तर नाहीच नाही."

तपासणीवरची मावशी पुढे आली. पांढऱ्या दिव्यासमोर बसून प्रत्येक बाटली डोळ्यांखालून घालायचं काम तिचं. दादा नवखा होता तेव्हा बाटली कशी फिरवायची, काच कशी ओळखायची, हे त्याला तिनेच शिकवलेलं. सगळ्यांदेखत ती त्याला अरे-तुरे करायची आणि त्याला ते आवडायचं.

"अरे, पण ओढली आणि निघालं काहीच नाही, तर?"

"तर बरंच झालं की मावशी! काही निघालं नाही म्हणजे आनंदच आहे."

मावशी हसली. मला तेव्हाच वाटलं, आपण चांगल्या घरी पडलो.

पहिले चार दिवस माझ्याकडे कोणी फिरकलं नाही. सगळे चोरून बघायचे आणि मान खाली घालायचे. पाचव्या दिवशी झाकण मशीनवरच्या गड्याने, त्याला सगळे बुच्या म्हणतात, आळस द्यायला हात वर केले आणि मी त्याच्या बोटांत अडकले. घंटा वाजली. पट्टा थांबला. बुच्याचा चेहरा पांढराफटक.

दादा धावत आला. "काय झालं?"

"काही नाही हो, चुकून... आळस देत होतो."

दादाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "चला, दोरी चालते हे तरी कळलं! आभारी आहे."

सगळी लाइन खो-खो हसली, आणि त्या हसण्याने भीड चेपली. मग हात येऊ लागले. झाकण सैल बसतंय, ओढ. लेबल तिरकं जातंय, ओढ. पट्टा थांबला की सगळे पाच मिनिटं एकत्र उभे राहायचे, कोणी काय पाहिलं ते सांगायचे. बाटल्या धुणारी एरवी तोंड उघडत नसे, तीही बोलायला लागली. नळी वाकडी होण्याआधी तिचा आवाज बदलतो, हे तिने पहिल्यांदा सांगितलं, आणि दादाने ते सगळ्यांसमोर ऐकून घेतलं. वर्षभरात या लाइनची एकही बाटली परत आली नाही. खरं सांगते, मी तेव्हा फार मिरवायचे. मला वाटायचं, हे सगळं माझ्यामुळे.

मग दादा चढला. चारही लाइनी त्याच्या हाताखाली आल्या. वर काचेची केबिन मिळाली आणि दादाचे साहेब झाले. चढू दे की, माझं काय जातंय? मला आनंदच झाला होता. पण वरच्यांना आकडा हवा असतो. भिंतीवर एक पाटी लागली, 'न थांबता चाललेले दिवस'. रोज सकाळी त्यावर आकडा वाढवायचा, आणि पट्टा थांबला की पुन्हा शून्य.

बदल आधी मला कळला, कारण घंटा वाजल्यावर तो काय विचारतो ते मला पाठ होतं. पूर्वी विचारायचा, "काय झालं?" आता जिना उतरता उतरताच विचारायला लागला, "कोणी ओढली?"

एवढाच फरक. पण तो ऐकून बुच्याचे हात खिशात गेले ते गेलेच.

मावशी मात्र ओढत राहिली. तिचा त्याच्यावर विश्वास होता ना! एका दुपारी तिला बाटलीत काहीतरी चमकलेलं दिसलं. तिने मला ओढलं. चाळीस मिनिटं सगळ्यांनी बाटल्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या. निघालं काय, तर काचेतलाच हवेचा बुडबुडा. पाटीवरचा साठ पुसून शून्य लिहावं लागलं. साहेब खडू हातात घेऊन वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मावशी, एकदा डोळे तपासून घ्या. झेपत नसेल तर सांगा, खोकी चिकटवायचं काम बघू तुमच्यासाठी."

मावशीचे डोळे म्हणजे तिची भाकरी, आणि बोलणाराही कोण, तर तिच्याच हाताखाली शिकलेला! दोन दिवसांनी तिने डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद आणून दिला. डोळे ठणठणीत होते. साहेबांनी कागद उघडलाही नाही. "ठेवा टेबलावर," म्हणाले. त्या दिवसापासून मावशी त्याला अहो साहेब म्हणायला लागली.

आणि माझ्याकडे कोणी येईनासं झालं. माझ्यावर धूळ बसली. लोकांनी माझ्यावर नॅपकिन टाकले, टोप्या अडकवल्या. पाटीवर शंभर झाले, एकशे वीस झाले. साहेब खूश. एकशे चाळिसाव्या दिवशी कोणीतरी ओला ॲप्रन माझ्यावर वाळत घातला आणि त्याच्या वजनाने स्विच पडला. पट्टा थांबला, लगेच सुरूही झाला. साहेबांनी पाटीवर शून्य लिहिलं नाही. पण पुढच्या सुट्टीच्या दिवशी, कारखाना रिकामा असताना, ते वायरमनला घेऊन आले.

वायरमन शिडीवर चढला, स्विचचं झाकण उघडलं. मला वाटलं, साफसफाई असेल. त्याने आतली तार सोडवली.

"साहेब, लोकांना सांगायचं का?"

"कशाला? तसंही कोणी ओढत नाही. मोठी ऑर्डर निघू दे, मग जोडू."

झाकण पुन्हा बसलं. बाहेरून मी तशीच, लाल, ताणलेली. आतून मेलेली. ज्या हाताने मला बांधलं, त्याच हाताने शिडी धरली होती. काय वाटलं असेल मला? ओरडावं म्हटलं तर दोरीला तोंड कुठे असतं!

त्यापुढचे दिवस सांगवत नाहीत. हात वर येईल याची मी पूर्वी एवढी वाट पाहायचे, आता हात वर आला की म्हणायचे, नको, ओढू नका. न बोलता मीही त्या खोट्यात सामील झाले होते.

एका सकाळी मावशीला पुन्हा काहीतरी चमकताना दिसलं. तिचा हात वर आला. बोटं मला टेकली. घामाने ओली होती. ओढू की नको, ओढू की नको, असं ती क्षणभर करत राहिली. तेवढ्यात ती बाटली पुढे सरकली, तिच्यावर लेबल बसलं, ती खोक्यात गेली, खोकं गाडीत गेलं. बुडबुडा होता की काच, कोण सांगणार? मावशीने त्या दिवशी डबा उघडला नाही. नंतर रोज, काम सुरू करताना, ती एकदा माझ्याकडे बघायची आणि मान खाली घालायची.

पाटीवर दोनशे बारा झाले तेव्हा दुसऱ्या कारखान्यातले पाच-सहा जण आले. टीम कशी सांभाळावी हे शिकायला! साहेब त्यांना माझ्याखाली घेऊन आले. "ही आमची दोरी. इथल्या कोणत्याही कामगाराला लाइन थांबवायचा हक्क आहे. पण माणसं इतकी तयार झालीत, की ओढायची वेळच येत नाही."

पाहुणे माना डोलावत होते. मला लाज वाटत होती. आणि नेमकं तेव्हाच भरायच्या मशीनची नळी आपटू लागली.

मावशीने बाटली उचलली, दिव्यासमोर धरली. या वेळी शंकाच नव्हती. काचेचा तुकडा तळाशी लखलखत होता, मागच्या बाटलीतही. ती ताडकन उठली आणि तिने मला ओढलं.

काहीच झालं नाही. घंटा नाही, काही नाही. पट्टा आपला चालूच.

तिने पुन्हा ओढलं, दोन्ही हातांनी, लोंबकळल्यासारखं. मी तुटायला तयार होते हो! पण थांबवणं माझ्या हातात कुठे उरलं होतं?

एक पाहुणा म्हणाला, "त्यांनी ओढली की. थांबलं का नाही?"

साहेब म्हणाले, "जरा तांत्रिक... चला, आपण वर बसून बोलू."

मावशीने एकदा वर स्विचकडे पाहिलं, एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे, आणि ती जोरात ओरडली, "थांबवा रे सगळे! काच आहे!"

बुच्याने झाकणांचं मशीन बंद केलं. भरणाऱ्याने नळ्या वर घेतल्या. धुणारीने पाणी तोडलं, लेबलवाल्याने हातानेच बाटल्या उचलायला सुरुवात केली. कोणी साहेबांकडे बघितलं नाही. थोड्या वेळात पट्टा रिकामाच फिरत होता, पाहुण्यांसमोर.

मावशी बाटली घेऊन साहेबांपुढे उभी राहिली. कितीतरी महिन्यांनी तिने त्याला अरे म्हटलं.

"कधी काढलीस रे तार?"

"मावशी, नंतर बोलू, पाहुणे आहेत."

"कधी?"

तो खाली बघत म्हणाला, "एकशे चाळिसाव्या दिवसानंतर."

ती मनातल्या मनात मोजत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या हातून ती बाटली गेली, त्या दिवशी ही बंदच होती. आणि मी आपली स्वतःला भित्री म्हणत बसले. एखाद्या लेकराच्या पोटात माझ्या भित्रेपणाने काच गेली, असं म्हणत त्या दिवशी जेवण टाकलं. तुला एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"



त्याच दिवशी माल घेऊन निघालेली गाडी फाटकातून परत फिरवली. तिच्या हातून ती आधीची बाटली गेली होती, त्या दिवसाची तारीख मावशीने कागदावर लिहून दिली आणि त्या आठवड्याची खोकी दुकानांतून परत मागवायला लावली. निम्मी आली. ती बाटली त्यांत होती का, कोणालाच माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तो शिडीवर चढला. तार जोडून घेतली, पाटी उतरवली, सगळ्यांची माफी मागितली. खरी मागितली, मी जवळून पाहिलंय. मग त्याने स्वतः मला ओढलं. घंटा वाजली, पट्टा थांबला. "बघा, चालते," तो म्हणाला. सगळ्यांनी "हो साहेब" म्हटलं आणि कामाला लागले.

आता तो रोज खाली येतो. माझ्याखाली उभा राहून विचारतो, "काही अडचण?" सगळे म्हणतात, "नाही साहेब." अडचणी असतात. मला वरून दिसतात. पण त्याला सांगत नाही कोणी.

आता मावशीला काही खटकलं की ती नुसता हात वर करते. बुच्या तिच्याकडे बघतो, बाकीचे बुच्याकडे बघतात, आणि मशीनं एकामागून एक बंद होतात. काल तिचा हात वर आला, अगदी माझ्याजवळ. मी जीव मुठीत धरून वाट पाहिली. म्हटलं, या वेळी तरी ओढ ग बाई, मी आता खरंच थांबवते, शप्पथ! हात माझ्या बाजूने वर गेला, मशीनं थांबली आणि हात खाली आला. तिने मला शिवलंसुद्धा नाही.

तिचं काय चुकलं, सांगा? तुमच्या हाताखाली चार माणसं असतील आणि त्यांना द्यायला तुमच्याकडे अशी एखादी दोरी असेल, तर हात जोडून सांगते, बांधायच्या आधी दहादा विचार करा. मी आज पुन्हा जिवंत आहे, पण कोणाला ते खरं वाटत नाही.