सात मिनिटांची कुस्ती, चार तासांचं सांगणं

हंबीरराव वस्तादांचे डोळे साखरेच्या आजारानं गेले आणि त्या रिकाम्या जागेत संशय राहायला आला. चहा आला की वस्ताद कपात बोट बुडवून बघणार, कमी तर ओतला न्हाय. पोरगं म्हणालं दोनशे बैठका मारल्या, की विचारणार, मग धाप कुठं गेली तुझी? मंगळवार पेठेतल्या त्यांच्या तालमीत पोरं डोळस वस्तादांना भ्यायची त्याच्या दुप्पट आता आंधळ्या वस्तादांना भ्यायला लागली.

पण अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात हा संशय त्यांनाच पोखरायला लागला. त्यांच्या हाताखाली चार वर्षं तयार झालेला नेसरीचा सूरज शिरोळकडच्या एका जत्रेत सातव्या मिनिटाला चितपट झाला. कुस्तीला पंच होता वस्तादांचा मेव्हणा, सयाजी. त्यानं परत येऊन कानात सांगितलं, "दाजी, पोरगं विकलं गेलं. आपणहून आडवं झालं." सूरज पाय धरून सांगत होता की मी चीत झालोच न्हाई, लढतच होतो. वस्तादांनी त्याची वळकटी दाराबाहेर ठेवायला लावली. बातमी जिल्हाभर झाली. विकला गेलेल्या पैलवानाला कोण कुस्ती देतंय? सूरज नेसरीला जाऊन भावाच्या उसाला पाणी पाजायला लागला.

जत्रेतल्या कुस्त्यांची व्हिडिओ कॅसेट सयाजीनंच आणली. आंधळ्याला कॅसेट दाखवायची म्हणजे तसा काही धोका नव्हता. त्यानं ती तीनदा लावली आणि तिन्ही वेळा शेजारी बसून सांगितली. फुकट. तिन्ही वेळा शब्द तेच, जागा तीच, हळहळसुद्धा त्याच ठिकाणी. वस्तादांना वाटलं, हा बघून सांगतोय का पाठ करून?

आणि एक बारीक गोष्ट होती. शेवटाला आधी पंचाची शिट्टी ऐकू यायची आणि मग माती धप्प वाजायची. वस्तादांनी विचारलं तर सयाजी म्हणाला, "कॅसेटीत आवाज पुढं-मागं होतोय दाजी, मशिनीचा दोष."

तालमीतल्या पोरांना विचारावं, तर निम्मी सूरजची आणि निम्मी सयाजीला भिणारी. शिवाय पैलवानाला कुस्ती सांग म्हटलं की तो डावाचं नाव सांगणार, एकलंगी, घिस्सा, संपलं. वस्तादांना पाहिजे होता असा माणूस, ज्याला कुस्तीतलं ढिम्म कळत नाही.

असा माणूस लक्ष्मीपुरीत सापडला. स्वप्नालीचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. कॅसेटीवर गाणी चढवायची, नावं टाकायची, सगळं ती स्वतः करायची. वस्तादांनी काम सांगितलं: पडद्यावर जे दिसतंय ते तुझ्या आवाजात कॅसेटीवर चढव. ती म्हणाली, असलं काम कधी केलं न्हाई, पण करते. तासाला पन्नास, कोरी कॅसेट वेगळी.

"सात मिनिटांची कुस्ती हाय बाय. तासाचा दर कशाला?"

"आधी करून तर बघू या वस्ताद," ती म्हणाली.

वस्तादांना पहिला वास आला तो इथंच. सूरजकडचं कोणी आधीच येऊन हिला भेटून गेलं नसेल कशावरून? त्यांनी सरळ विचारलं, नेसरीचा कोण आलता का? ती तडकली. मग वस्तादांनी पिशवीतनं दुसरीच कॅसेट काढली. पुतणीच्या लग्नाची, डोळे शाबूत होते तेव्हाची. म्हणाले, आधी ही सांग, पंगतीपासनं.

स्वप्नालीनं लावली. बराच वेळ नुसती बघत बसली. वस्तादांनी काठी आपटली.

"एक दांडगा माणूस जिलबी वाढतोय," ती सावकाश म्हणाली. "वाकलाय. मागच्या बाईचा पाय त्याच्या धोतरावर पडलाय. आता तो सरळ झाला... धोतर खालीच ऱ्हायलं. सांगू का पुढं?"

"न्हाय, नको."

"चट्ट्यापट्ट्याची चड्डी हाय."

वस्ताद मान खाली घालून गदागदा हसत बसले. ही पंगत घरातल्या माणसांनी त्यांना दहा वेळा सांगितली होती आणि दहाही वेळा धोतर जागेवर होतं. सयाजीच्या सांगण्यात तर वस्ताद वाघासारखे वाढत होते. बाई खरं बोलते, एवढं ठरलं. पण खरं बोलणारी माणसं पैशाला सरळ असतात असं थोडंच आहे?

दुपारी बाराला काम सुरू झालं. वस्ताद बाकड्यावर कान टवकारून बसले. कॅसेट पुढं जायची, थांबायची, करकर करत मागं यायची. परत तेच. एक वाजला. दोन वाजले. समोरच्या चहावाल्याला त्यांनी तीनदा वेळ विचारली. बाई घड्याळ खातीय, त्यांची खात्री झाली. शेवटी म्हणाले, अगं डोळं हाईत न्हवं तुला, बघायचं आणि बोलायचं, यात एवढं काय?

स्वप्नालीनं माईक त्यांच्याच हातात दिला. म्हणाली, निवेदक बोलतोय त्यावर बोलायचं न्हाई, तो श्वास घेईल तेवढ्यात बोला. वस्तादांनी ऐकलं. जत्रेतला तो निवेदक देणगीदारांची नावं, हलगीवाल्याचं कौतुक, आमदारांचं स्वागत असं सगळं एका दमात ओढत होता. मधली फट म्हणजे दोन शब्दांची. त्या दोन शब्दांत दोन माणसांचे चार हात, चार पाय बसवायचे. त्यासाठी आधी चित्र थांबवून बघायचं, शब्द शोधायचा, तो बसत नसला तर आणखी बारका शोधायचा. वस्तादांनी गुपचूप माईक परत केला.

चारला ती म्हणाली, झालं. दोनशे आणि कोऱ्या कॅसेटीचे नव्वद. तालमीचं आठ दिवसांचं दूध होतं ते. वस्तादांनी नोटा चाचपून चाचपून दिल्या आणि म्हणाले, ऐकव.

हलगी, निवेदक, आणि मध्येच तिचा सपाट आवाज. निळा लंगोट खाली. लाल वर. निळ्याचा कोपर मातीत. मग शिट्टीच्या आधीच्या मोठ्या फटीत ती म्हणाली, "शिट्टीवाल्याचे गाल फुगले. निळ्याचा खांदा वीतभर वर." शिट्टी वाजली. मग धप्प.

निळा लंगोट सूरजचा होता, शिट्टी सयाजीची. आणि गाल काही मशिनीच्या दोषानं फुगत नाहीत.

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी सगळी पोरं कुस्तीच्या हौद्याभोवती बसवली, टीव्ही मांडला आणि सयाजीला लाडानं बोलावलं. म्हणाले, तुझ्यासारखं कोण सांगत न्हाय, पोरांनाबी ऐकव. सयाजी खुलला. चौथ्यांदा तेच शब्द, तीच हळहळ. झाल्यावर वस्ताद म्हणाले, आता ही दुसरी लावा.

बाईचा आवाज आला तशी पोरं पुढं सरकली. वीतभरच्या जागेला पोरांनी चित्र थांबवलं आणि टीव्हीला नाकं लावली.

"शूटिंगवाली बाई ती," सयाजी म्हणाला. "तिला कुस्तीतलं काय कळतंय दाजी?"

"कायबी न्हाय. म्हणून तर दिसलं तेवढंच बोलली."

सयाजी बरंच काही बोलला. जत्रेत दरसालचं पंचपद कबूल झालं होतं, मानाचा फेटा होता, गावचाच पैलवान जिंकावा असं सगळ्यांचं म्हणणं होतं. पोरगं विकलं गेलं असं का सांगितलं, तेवढं मात्र सोडून. तो गेल्याचं वस्तादांना चपलांच्या आवाजावरनं कळलं.

मग ते यष्टीनं गडहिंग्लजला आणि तिथनं दुसरी धरून नेसरीला गेले. सूरज उसातनं चिखलाच्या पायांनीच आला, पण पाया पडला नाही. वस्तादांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाई कशी निवडली, किती वेळ लागला, किती पैसे गेले.

सूरज म्हणाला, "तुमच्यापाशी रडून सांगितलंतं की मी. ते फुकट हुतं."

सवयीनं वस्ताद पोराच्या आवाजात काही खोट आहे का ते चाचपत होते. नव्हती. म्हणाले, "चुकलो. लंगोट घे, चारची यष्टी हाय."

"आधी तालमीत सगळ्यांम्होरं बोला. मग येतो."

"त्यासाठी तू तिथं पायजेस की रं. तू नसलास तर पोरं म्हणतील, म्हातारा कुणाशी बोलाय लागलाय."

"चारची न्हवं?" सूरजनं विचारलं. मग पाटाच्या पाण्यात पाय धुतल्याचा आवाज आला.